६९ किलोचा मुलगा ६१.२ च्या गटात: वजन उतरवण्याची मर्यादा कोठे मानावी?

मुळाकाठ (प्रश्न)

नमस्कार.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा वीस वर्षांचा आहे. शाळेत असल्यापासून तो कुस्ती खेळत होता आणि गेली दोन वर्षे पुण्यात मिक्स्ड मार्शल आर्ट्सचा, म्हणजे एमएमएचा, सराव करतो आहे. त्याचे वडील हयात नाहीत, त्यामुळे अशा गोष्टी बहीण मला विचारते आणि मला यातले फारसे कळत नसल्याने मी येथील जाणकारांना विचारतो आहे.

गेल्या हिवाळ्यात त्याची दुसरी हौशी लढत ६५.८ किलोच्या फेदरवेट गटात झाली. एरवी त्याचे वजन ६९ किलोच्या आसपास असते. शेवटचे तीन किलो त्याने एका दिवसात उतरवले. आदल्या दुपारपासून पाणी बंद, अंगात प्लॅस्टिकचे जाकीट, त्यावर स्वेटर, आणि रात्री उशिरापर्यंत दोरीवरच्या उड्या. सकाळी वजन दिले आणि लढत त्याच संध्याकाळी होती. पहिली फेरी त्याने चांगली काढली, पण दुसऱ्या फेरीत त्याचे हात खाली आले आणि पंचांनी लढत थांबवली. त्या रात्री त्याच्या पोटऱ्यांत सतत गोळे येत होते आणि लघवी काळ्या चहासारखी होत होती, हे त्याने आम्हाला दोन दिवसांनी सांगितले.

आता त्याच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे आहे की पुढची लढत त्याने आणखी खाली, ६१.२ किलोच्या बँटमवेट गटात खेळावी. सहा आठवडे हातात आहेत. त्यांपैकी पाच आठवड्यांत आहारातून साधारण साडेतीन किलो आणि शेवटच्या आठवड्यात पाण्यातून राहिलेले साडेचार किलो, अशी त्यांची योजना आहे. व्यायामशाळेतल्या यंत्रावर त्याच्या अंगातील चरबी दहा टक्क्यांच्या जवळपास निघाली होती. प्रशिक्षक माणूस म्हणून चांगले आहेत आणि मुलाचा त्यांच्यावर विश्वास आहे. ते म्हणतात की जगभरातले सगळे लढवय्ये असेच करतात, आणि जो वजन उतरवत नाही तो प्रत्येक वेळी आपल्याहून थोराड माणसासमोर उभा राहतो.

हे खरे आहे का? खरे असेल, तर त्याला सीमा कोणती? आणि मामा म्हणून मी त्याला अडवावे, की मला या खेळातले कळत नाही असे मानून गप्प राहावे?

तांबडी माती (प्रतिसाद)

आपण गप्प राहू नये, हे आधी सांगतो आणि मग कारणे देतो.

मी कोल्हापूरच्या एका तालमीत वाढलो आणि आता गावी मुलांना मॅटवरची कुस्ती शिकवतो. गटातल्या कुस्तीत वजन उतरवणे हे आमच्याकडे नवे नाही. मी एकोणीस वर्षांचा असताना निवड चाचणीसाठी चार दिवसांत साडेपाच किलो उतरवले होते. घोंगडी पांघरून पळायचो, तोंडात लवंग धरून थुंकत बसायचो आणि पाण्याने फक्त ओठ ओले करायचो. वजन दिले, गटात बसलो, आणि पहिल्याच कुस्तीत ज्याला सरावात रोज खाली घेत होतो त्याच्याकडून हरलो. ताकद गेली होती असे नव्हे, ताकद होती. पण डाव सुचायचा आणि हात तेथे पोहोचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. वस्तादांना मी खूप मानतो, तरीही त्या वेळी त्यांनी मला थांबवायला हवे होते असे आज वाटते.

मैदानी कुस्तीत हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तेथे जोड नजरेने लावली जाते. दोन पैलवान समोरासमोर उभे करून, त्यांची अंगलट आणि त्यांनी आधी केलेल्या कुस्त्या पाहून जाणती माणसे कुस्ती ठरवतात. काटा आला की माणूस काट्याशी झटू लागतो.

आपल्या भाच्याच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओघात लिहून गेला आहात, ती म्हणजे वजन सकाळी आणि लढत त्याच संध्याकाळी. मोठ्या व्यावसायिक लढतींमध्ये वजन आदल्या दिवशी घेतात. त्या लोकांची सगळी पद्धत त्या मधल्या चोवीस ते तीस तासांवर उभी आहे. ते तास नसतील तर ती पद्धत उचलून आणण्यात अर्थ नाही. कुस्तीच्या जागतिक संघटनेने २०१८ पासून वजन स्पर्धेच्या दिवशी सकाळी घेण्याचा नियम केला आणि दुसऱ्या दिवशीही कुस्ती असेल तर दुसऱ्या सकाळी पुन्हा काट्यावर उभे केले जाते. विनेश फोगाट यांचे पॅरिसमध्ये जे झाले ते याच नियमामुळे. ६ ऑगस्ट २०२४ रोजी त्यांनी जपानच्या युई सुसाकीसह तिघींना हरवले, कुस्त्यांच्या मध्ये अंगात अन्नपाणी जाणे भाग होते, आणि ७ तारखेच्या सकाळी वजन ५० किलोंपेक्षा शंभर ग्रॅम अधिक भरले. रात्रभर पळून, घाम काढून, केस कापूनही ते शंभर ग्रॅम गेले नाहीत. त्या मुळात ५३ किलोच्या गटातल्या. त्या गटातील भारताची जागा दुसऱ्या मल्लाकडे गेल्यामुळे त्यांना ५० वर यावे लागले होते. तेव्हा 'जिद्द असेल तर उतरतेच' हे जे मुलांना सांगितले जाते ते खरे नाही, कारण त्यांच्याहून अधिक जिद्द कोणाकडे असणार?

आणि उलट उदाहरणही आपल्या मातीतलेच आहे. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात खेळले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ते वरच्या, ५७ किलोच्या बँटमवेट गटात उतरले आणि कांस्यपदक घेऊन आले. चार वर्षांतली मेहनत आणि अनुभव हे त्याचे मोठे कारण होतेच. पण गट वर गेला म्हणून पैलवान लहान ठरत नाही, एवढे तरी मी माझ्या मुलांना त्यावरून सांगतो.

पाचवी फेरी (प्रतिसाद)

मी या खेळाचा वीस वर्षांचा प्रेक्षक आहे, खेळाडू नाही. प्रशिक्षकांच्या बाजूचे जे खरे आहे ते कोणीतरी मांडायला हवे, म्हणून लिहितो.

यूएफसी या एमएमए लढती भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेची पहिली स्पर्धा नोव्हेंबर १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे झाली तेव्हा वजनगट मुळीच नव्हते. सुमारे ऐंशी किलोंच्या रॉयस ग्रेसी यांनी ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या कलेच्या, जोरावर ती जिंकली आणि आकाराला अर्थ नसतो अशी एक समजूत पसरली. समोरच्याला जमिनीवरची लढत मुळी ठाऊकच नव्हती तोवर ती समजूत टिकली. सर्वांनाच सर्व प्रकार येऊ लागल्यावर वजन पुन्हा निर्णायक झाले. १९९७ मध्ये दोन गट आले, आणि २००० साली न्यू जर्सीत जे सामाईक नियम आकाराला आले त्यांतून आजचे गट निघाले. म्हणजे गट हे लहान माणसाच्या संरक्षणासाठी आहेत. मात्र गट आले त्याच दिवशी गटाच्या वरच्या कडेला चिकटून बसण्याची ओढही आली.

ती ओढ एमएमएमध्ये इतकी तीव्र का, याचे एक कारण गटांमधल्या अंतरात आहे. मुष्टियुद्धात सतरा पारंपरिक व्यावसायिक गट आहेत आणि मधल्या वजनांत दोन गटांमधले अंतर सहसा दोन-तीन किलोंचे असते. यूएफसीत पुरुषांचे गट आठच: ५६.७, ६१.२, ६५.८, ७०.३, ७७.१, ८३.९, ९३ आणि शेवटचा १२०.२ किलोंचा. ७०.३ नंतर एकदम ७७.१. ज्याचे तंदुरुस्त वजन ७४ किलो आहे त्याने काय करावे? वर गेला तर समोर ८५ किलोंवरून उतरलेला माणूस असतो, म्हणून तो खाली जातो. आणि तो खाली गेला की त्या गटातला ७२ किलोंचा माणूसही खाली बघू लागतो. ही उतरंड कोणा एकाच्या लबाडीमुळे लागलेली नाही. अमेरिकेतील क्रीडा आयोगांच्या संघटनेने २०१७ मध्ये १६५, १७५, १९५ आणि २२५ पौंडांचे मधले गट मान्य केले, पण यूएफसीने ते घेतले नाहीत, आणि मला ही त्या संस्थेची मोठी चूक वाटते.

त्यामुळे 'सगळेच करतात' हे प्रशिक्षकांचे वाक्य वरच्या पातळीवर जवळजवळ खरे आहे. पण त्या 'सगळ्यांचे' काय होते तेही मुलाला सांगावे. मार्च २०१७ मध्ये खबीब नूरमागोमेडोव यांना वजन देण्याच्या आदल्या रात्री रुग्णालयात न्यावे लागले आणि टोनी फर्ग्युसन यांच्याशी ठरलेली लढत रद्द झाली. ऑगस्ट २०१४ मध्ये रेनान बराव वजन उतरवताना चक्कर येऊन पडले, डोके आपटले आणि विजेतेपदाची लढत हुकली. मे २०२२ मध्ये चार्ल्स ऑलिव्हेरा फक्त अर्धा पौंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम, जास्त भरले. दुसऱ्या दिवशी ते पहिल्या फेरीतच जिंकले, पण विजेतेपदाचा पट्टा आधीच गेलेला होता. या तिघांच्या दिमतीला आहारतज्ज्ञ आणि अनुभवी माणसे होती. आपल्या भाच्याजवळ दोरी आणि प्लॅस्टिकचे जाकीट आहे.

रात्रपाळी (प्रतिसाद)

मी वैद्यकीय क्षेत्रात, तातडीच्या उपचार विभागात काम करते. मुलाला न तपासता त्याच्याविषयी निदान करणार नाही. परंतु आपण दिलेल्या आकड्यांवरून जे स्पष्ट दिसते ते लिहिणे मला आवश्यक वाटते.

६९ किलो वजनात दहा टक्के चरबी म्हणजे साधारण ६.९ किलो. उरले ६२.१ किलो. याचा अर्थ असा की त्याच्या अंगातील चरबीचा प्रत्येक कण काढून टाकला, जे जिवंत माणसात शक्य नाही, तरीही तो ६१.२ मध्ये बसत नाही. गटात बसण्यासाठी उरलेले सर्व स्नायूंतून आणि पाण्यातूनच जाणार आहे.

अमेरिकेतील महाविद्यालयीन कुस्तीत हाच हिशेब नियम म्हणून वापरला जातो आणि तो नियम फार मोठी किंमत मोजून आला. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पाच-सहा आठवड्यांच्या आत, वेगवेगळ्या महाविद्यालयांतील तीन कुस्तीगीर मुले वजन उतरवताना मरण पावली. गरम खोलीत, घाम बाहेर जाऊ न देणारे कपडे घालून व्यायाम करणे हा तिन्ही प्रसंगांतला समान भाग होता. त्यानंतर तेथे सॉना आणि रबरी कपड्यांवर बंदी आली आणि वजन स्पर्धेच्या अगदी जवळ घेण्यात येऊ लागले. हंगामाच्या सुरुवातीला, शरीरात पुरेसे पाणी आहे याची खात्री करून, प्रत्येकाचे किमान वजन ठरवले जाते. पाच टक्के चरबी धरून येणाऱ्या वजनाच्या खाली त्या मुलाला खेळता येत नाही आणि आठवड्याला दीड टक्क्याहून अधिक वजन कमी करता येत नाही. आपल्या भाच्याचे किमान वजन या पद्धतीने साधारण ६५.४ किलो येते. म्हणजे ज्या ६५.८ च्या गटात तो आज खेळतो तोच त्याचा सर्वांत खालचा गट आहे. यंत्राचे मोजमाप एक-दोन टक्क्यांनी चुकीचे असू शकते, पण तेवढ्याने ६१.२ हा आकडा शक्यतेच्या कक्षेत येत नाही.

आता प्लॅस्टिकच्या जाकिटाविषयी, कारण ही गोष्ट खेळाडूंना सहसा कोणी समजावून सांगत नाही. शरीर थंड होते ते घाम आल्यामुळे नव्हे, तर घाम वाळल्यामुळे. जाकिटाच्या आत घाम निथळतो, पण वाळत नाही. त्यामुळे पाणी जाते आणि उष्णता आत राहते, म्हणजे दोन्ही बाजूंनी नुकसान होते. पाणी घटल्यावर रक्तातील द्रवभाग कमी होतो आणि तेवढ्याच रक्तप्रवाहासाठी हृदयाला अधिक वेगाने धडधडावे लागते. त्वचेकडे जाणारे रक्त कमी झाल्याने उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता आणखी घटते. सोडियम आणि पोटॅशियमचा तोल गेला की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. सप्टेंबर २०१३ मध्ये रिओ दि जानेरो येथे लेआंद्रो सोझा हे सव्वीस वर्षांचे लढवय्ये वजन देण्याच्या दिवशीच मरण पावले. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे यांग जियान बिंग हे एकवीस वर्षांचे चिनी लढवय्ये वजन उतरवताना कोसळून गेले. दोघेही फ्लायवेट या हलक्या गटाचे होते. लहान शरीरात राखीव पाणी मुळातच कमी असते.

अमेरिकेचे डॅनियल कॉर्मियर यांचेही उदाहरण द्यावेसे वाटते, कारण ते वाचले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ते अमेरिकेच्या कुस्ती संघाचे कर्णधार होते. वजन उतरवताना त्यांच्या मूत्रपिंडांनी काम करणे थांबवले आणि त्यांना एकही कुस्ती न खेळता परतावे लागले. पुढे ते एमएमएमध्ये आले, तेही आधी हेवीवेट गटात, जेथे उतरवायचे काही नव्हते.

आपण वर्णन केलेली काळ्या चहासारखी लघवी ही केवळ पाणी कमी पडल्याची खूण असू शकते किंवा स्नायू मोडून त्यातील द्रव्य मूत्रपिंडांत उतरल्याचीही असू शकते. पोटऱ्यांतील गोळ्यांसह ती दिसली असल्याने, पुढच्या लढतीचा विचार करण्याआधी मूत्रपिंडांच्या कार्याची रक्ततपासणी आणि लघवीची तपासणी करून घ्यावी, ही विनंती आहे. पुन्हा कधी घाम येणे अचानक थांबले, बोलण्यात विसंगती आली, छातीत धडधड जाणवली किंवा उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वजनाचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावे.

आणखी एक. काही ठिकाणी मुलांना लघवी अधिक होण्याच्या गोळ्या दिल्या जातात. या गोळ्या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत आणि त्यांतल्या अनेक पोटॅशियम धोकादायकपणे खाली आणू शकतात. वजन दिल्यावर सलाईन लावून घेण्याची चालही तशीच नियमबाह्य आहे. रुग्णालयातील खऱ्या उपचारांखेरीज बारा तासांत शंभर मिलिलिटरहून अधिक द्रव शिरेतून घेता येत नाही. भाच्याला याबद्दल थेट आणि न रागावता विचारावे.

मुळाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. 'रात्रपाळी' यांचा प्रतिसाद वाचून बहिणीने त्याच दिवशी मुलाच्या तपासण्या करून घेतल्या. मूत्रपिंडांचे कार्य व्यवस्थित आहे.

भाच्याने हा सगळा धागा स्वतः वाचला. त्याचा एक आक्षेप मला रास्त वाटला, म्हणून मांडतो. तो म्हणतो, 'मी ६५.८ मध्येच थांबलो आणि समोरचा ७३ वरून उतरून आला, तर माझे नियम पाळणे मला मार खायला लावेल. नियम सगळ्यांना लागू होत नसेल तर मी एकट्याने का पाळावा?' लढतीच्या दिवशी शरीरात पाणी किती आहे हे तपासणाऱ्या काही संस्था आहेत असे त्याने ऐकले आहे. ती पद्धत खरोखर चालते का?

पाचवी फेरी

भाच्याचा आक्षेप शंभर टक्के रास्त आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या खेळाडूने द्यायचे नसून आयोजकांनी द्यायचे असते.

ज्या पद्धतीविषयी त्याने ऐकले आहे ती सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपची. यांग जियान बिंग यांचा मृत्यू त्यांच्याच स्पर्धेच्या वेळी झाला आणि त्यानंतर त्यांनी पाणी तोडून वजन उतरवण्यावर बंदी घातली. तेथे काट्यासोबत लघवीची घनता मोजतात. शुद्ध पाण्याची घनता १.००० धरली तर खेळाडूची १.०२५ च्या वर जाता कामा नये. वजन आणि पाणी, दोन्हींत एकाच वेळी बसावे लागते. त्यांनी गटांची नावेही एकेक पायरी सरकवली, त्यामुळे त्यांचा बँटमवेट ६५.८ किलोंचा आहे, जो यूएफसीचा फेदरवेट. म्हणजे पूर्वी जे वजन उतरवून खाली येत असत ते आता आपल्या चालत्या वजनाजवळ लढतात, असा त्यांचा हिशेब आहे.

ती निर्दोष आहे का? नाही. वजन आधी उतरवून मग घनतेच्या चाचणीपुरते पाणी कसे जुळवायचे याच्या युक्त्या लोकांनी शोधल्या आहेत. जॉन लिनेकर यांचे पाहा. यूएफसीत फ्लायवेट असताना ते इतक्या वेळा वजन चुकले की त्यांना वरच्या गटात जावे लागले. नंतर वन चॅम्पियनशिपमध्ये ते विजेते झाले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथेही पाऊण पौंडाने वजन चुकून पट्टा गमावून बसले. तरीही मला ही पद्धत आजवरच्या सर्व पद्धतींत चांगली वाटते, कारण ती काट्याला एकटे सोडत नाही. यूएफसीने २०१६ पासून वजन दुपारऐवजी सकाळी घ्यायला सुरुवात केली ती खेळाडूंना सावरायला जास्त तास मिळावेत म्हणून. माझ्या मते त्याने उलट अधिक खोल उतरण्याचे धाडस वाढले. कॅलिफोर्नियाच्या क्रीडा आयोगाने २०१७ मध्ये तिसरी वाट काढली. लढतीच्या दिवशी ते पुन्हा वजन घेतात, आणि ठरलेल्या वजनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढलेल्याला वरच्या गटात जाण्याची शिफारस करतात. ७३ वरून ६५.८ वर येऊन परत ७३ झालेला माणूस या मोजणीत सापडतो.

आणि भाच्याला हेही सांगा की वर गेलेल्यांची यादी लहान नाही. अँथनी जॉन्सन जानेवारी २०१२ मध्ये रिओला मिडलवेटच्या लढतीत तब्बल अकरा पौंडांनी वजन चुकले, हरले आणि यूएफसीतून बाहेर पडले. एक गट वर, ९३ किलोंमध्ये परतल्यावर तेच विजेतेपदाच्या लढतीपर्यंत पोहोचले आणि त्यांच्या ठोशांची धास्ती साऱ्या गटाने घेतली. रॉबर्ट व्हिटेकर २०१४ मध्ये ७७.१ सोडून ८३.९ मध्ये गेले आणि २०१७ मध्ये त्या गटाचे विजेते झाले. वर गेलेल्या प्रत्येकाचे भले होते असे मी म्हणणार नाही. उंची आणि हातांचा पल्ला आडवा येतो. पण भाचा तर वर जात नाही, तो फक्त आहे तेथे थांबतो आहे.

तांबडी माती

मुलाच्या आक्षेपाला माझे साधे उत्तर असे. समोरचा ७३ वरून सकाळी ६५.८ देऊन संध्याकाळी लढणार असेल, तर त्याची अवस्था तुझ्या गेल्या लढतीतल्या अवस्थेहून वाईट असणार. पहिल्या फेरीत तो जड लागेल. त्याला भिंतीशी झटू दे, वजन टाकू दे, आणि तू पाय हलते ठेव. दुसऱ्या फेरीत तुझे हात वर असतील आणि त्याचे नसतील. यासाठी तुला तीन फेऱ्यांचा दम हवा, आणि तो उपाशी पोटी सहा आठवडे काढून येत नाही.

मामांसाठी दोन गोष्टी. पहिली, आयोजकांना लेखी विचारा की वजन कोणत्या दिवशी, किती वाजता घेणार आणि लढतीआधी डॉक्टर तपासणार का. हौशी लढतींत हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते आणि तोंडी उत्तरे बदलतात. दुसरी, प्रशिक्षकांशी भांडू नका. त्यांच्यासमोर तो ६२.१ किलोचा हिशेब कागदावर मांडा. चांगला प्रशिक्षक आकडा पाहून विचार बदलतो. मीही माझ्या मुलांच्या बाबतीत तसा बदललो आहे. ६९ वरून ६५.८ म्हणजे सव्वातीन किलो, शरीराच्या पाच टक्क्यांहून कमी. सहा आठवड्यांत त्यातले दोन किलो रात्रीचा भात आणि बाहेरचे खाणे आवरून सहज जातात, सराव न मोडता. उरलेला सव्वा किलो शेवटच्या दोन-तीन दिवसांत मीठ आणि चोथ्याचे पदार्थ कमी करून, हलके खाऊन निघतो. पाणी तोडायची गरज नाही आणि जाकीट तर घरातच ठेवू नका.

रात्रपाळी

वरील योजनेशी मी सहमत आहे. एवढीच भर घालते की सकाळी वजन दिल्यावर पहिल्या तासात नुसते साधे पाणी ढसाढसा पिऊ नये. मीठ-साखरेचे ओआरएस एक लिटर पाण्यात करून घोट घोट घ्यावे, आणि मग मऊ भात, केळे असे पचायला हलके अन्न थोडे थोडे घ्यावे. रोज सकाळी उठल्यावर लघवीचा रंग पाहण्याची आणि वजन वहीत लिहिण्याची सवय त्याने आजपासूनच लावावी.

मुळाकाठ

आयोजकांचे लेखी उत्तर आले. वजन लढतीच्याच दिवशी सकाळी आठ वाजता आहे आणि लढती सायंकाळी पाचनंतर. ते पत्र आणि 'रात्रपाळी' यांचा हिशेब घेऊन मी प्रशिक्षकांना भेटलो. त्यांनी तो हिशेब स्वतः दोनदा करून पाहिला, थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले की आदल्या दिवशी वजन असेल असे धरूनच त्यांनी योजना केली होती. भाचा ६५.८ मध्येच खेळणार आहे. त्यांनी आयोजकांना लढतीआधी दुसरे वजन घेण्याची विनंतीही केली आहे. तिचे उत्तर अद्याप यायचे आहे.

वहीतली पहिली नोंद आज सकाळची आहे: ६८.७, रंग फिकट पिवळा.